वाळूतला नकार

वाळूत पुरलेलं बाळ माझ्या नणंदबाईंनी बोटांनी उपसून काढलं, रुमालानं पुसलं, पाळण्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "बघ, आता कसं छान झोपलंय." त्यावर माझी मुलगी टेबलाखाली गेली ती बाहेर येईना.

बाळ प्लास्टिकचं होतं, करंगळीएवढं. तरी माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

फोन आला तेव्हा मी कामावर होते. कापडाच्या कारखान्यात मी रंग तपासते. गिऱ्हाइकानं पाठवलेला तुकडा आणि आमच्या ताग्यातला तुकडा दिव्याच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवायचे आणि जुळतात की नाही ते सांगायचं. इतरांना एकच वाटणारे दोन निळे मला वेगळे दिसतात. कारखान्यात या डोळ्यांना मान आहे. घरी त्यांना संशयी म्हणतात.

फोनवर वाळूताई होत्या. हे नाव माझ्या मुलीनंच त्यांना दिलेलं. मुलांना जे बोलून सांगता येत नाही ते खेळातून बाहेर यावं म्हणून त्या मुलांबरोबर बसतात. तोच त्यांचा व्यवसाय. "तिला कुठं लागलेलं नाही," त्यांनी आधी तेवढं सांगून टाकलं. "पण तुम्ही आलात तर बरं होईल." मी अंगावरचा एप्रन न काढताच निघाले.

हे सुरू कुठून झालं ते आधी सांगते.

मुलीला आम्ही खारू म्हणतो. पुढचे दात मोठे आणि पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून खारू. पहिलीत आहे. शब्द फुटायला लागल्यापासून तिचा लाडका शब्द 'नको'. दुधावर साय आली, नको. हा फ्रॉक टोचतो, नको. पाहुण्यांना गाणं म्हणून दाखव म्हटलं की भिंतीकडे तोंड करून नको. मला दिवस राहिले तेव्हा आम्ही तिला विचारलं, "बाळ हवं ना तुला?" ती म्हणाली, "नको. ते माझ्या खोलीत रडेल." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते.

सातव्या महिन्यात बाळाचं हृदय पोटातच थांबलं. मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले. त्या अवस्थेतही मी खारूला जवळ घेऊन सरळ सांगितलं, की बाळ आजारी होतं, त्याचं हृदय थांबलं, ते आता येणार नाही. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

त्यानंतर तिचा नको बंद झाला.

दूध सायीसकट प्यायला लागली. केसांतला गुंता ओढला गेला तरी हूं नाही की चूं नाही. शेजारच्या मुलीनं सायकल मागितली, देऊन टाकली. वर्गात बाईंनी मागच्या बाकावर बसवलं, बसली. आणि लोकांना त्याचं केवढं कौतुक. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "घरात दुःख झालं की मुलं लवकर मोठी होतात." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पोरीला समज आली हो." आणि नणंदबाई, म्हणजे आमच्या आक्का, त्यांनी तर श्रेयच घेऊन टाकलं: "माझ्याकडे राहून वळण लागलं तिला. तुमच्या घरात नुसते लाड."

आक्का ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहतात आणि घरीच पाळणाघर चालवतात. शाळा सुटली की मी कामावरून येईपर्यंत खारू त्यांच्याकडे. आक्कांच्या हाताखालून निम्मी वस्ती लहानाची मोठी झालेली. त्यांच्याकडे मूल रडत नाही, अशी त्यांची ख्याती. कसं रडत नाही, ते कुणी विचारत नाही.

मला ते कौतुक घशाखाली उतरेना. रंग जुळत नव्हता, दुसरं काय सांगू? नवऱ्याला म्हटलं, "ही आपली पोर वाटत नाही मला."

नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर द्यायचा त्याचा एक खास आवाज आहे, तोच घरीही वापरतो. "अगं, नको म्हणायची तेव्हा तू वैतागायचीस. आता हो म्हणते तर घाबरतेस. पोरीनं करायचं तरी काय?"

"तिला आवडत नाही ते तिनं आवडत नाही म्हणायचं."

"म्हणेल. होईल सगळं ठीक. थांब जरा." अडकलेल्या माणसांना तो हेच सांगतो.

मग बुटांचं निघालं. एका संध्याकाळी तिचे मोजे काढायला गेले तर मोजा टाचेला चिकटलेला. बूट केव्हाचे लहान झाले होते. फोड येऊन फुटला होता, त्यावर दुसरा आला होता.

"दुखत नव्हतं?"

"दुखत होतं."

"मग सांगायचं नाही का, हे बूट नको म्हणून?"

तो शब्द ऐकून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला गॅसच्या ज्योतीत हात घालायला सांगत होते. "चालतील," ती घाईनं म्हणाली. "हेच चालतील मला."

त्याच आठवड्यात मी वाळूताईंकडे गेले. आक्कांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बूट घ्यायचे सोडून पोरीला वाळूत कशाला नेतेस?" बूटही घेतले होते. पण ते सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

वाळूताईंची खोली साधी. मधे मुलांच्या कमरेइतक्या उंचीचं टेबल, त्यावर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये बारीक चाळलेली वाळू. ट्रेचा तळ निळा. वाळू बाजूला सारली की खाली पाणी असल्यासारखं दिसतं. भिंतीशी खुली कपाटं आणि त्यांत सगळं जग लहान होऊन बसलेलं: माणसं, म्हाताऱ्या, वाघ, गाई, कुंपणं, घरं, मोटारी, पाळणा, शवपेटीसुद्धा. ती पाहून मी दचकले होते. "ठेवावी लागते," वाळूताई म्हणाल्या. "मुलांना लागते कधीकधी."

त्यांचे नियम थोडेच. मुलानं हवं ते घ्यावं, हवं तसं मांडावं. मोठ्यांनी ट्रेला हात लावायचा नाही. हे काय, ते कोण, असं विचारायचं नाही. चांगलं झालं, वाईट झालं, असं म्हणायचं नाही. मूल घरी गेल्याशिवाय त्याची मांडणी मोडायची नाही. त्याच्या डोळ्यांदेखत तर मुळीच नाही. खारू काय मांडते हे त्या मलाही सांगत नसत. "ते तिचं आहे," एवढंच. मी बाहेरच्या बाकावर बसून दाराकडे पाहत राही. दाराला फट नव्हती, नाहीतर मी सोडली नसती.

त्या दिवशी कारखान्यात मोठा माल निघायचा होता, म्हणून तिला आक्का घेऊन गेल्या.

मी पोचले तेव्हा आक्का बाहेरच्या बाकावर होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला पाहताच सुरू झाल्या. "मी काही केलेलं नाही हां, आधीच सांगते. बाळ पुरत होती ती. वर थापटत होती. बघवेना मला. आणि तुझ्या त्या बाई नुसत्या बघत बसलेल्या. एवढं शिकून नुसतं बघायचंच असतं होय?"

"तुम्ही आत कशा गेलात, आक्का?"

"कशा म्हणजे? विचारून गेले. आत येऊ का म्हटलं, खारू हो म्हणाली."

खारू हो म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार होती?

मी आत गेले. वाळूताई टेबलाजवळ जमिनीवर बसल्या होत्या. खारूचे नवे बूट तेवढे टेबलाखालून दिसत होते. वाळूताई तिला ओढत नव्हत्या, बोलावत नव्हत्या, खाऊ दाखवत नव्हत्या. "आई आलीये," त्या टेबलाला सांगावं तसं म्हणाल्या. "दाराशी बसलीये. घाई नाहीये." मला त्यांनी डोळ्यांनीच खुर्ची दाखवली.

मी बसले. हात मांडीखाली दाबून बसले, कारण ते आपोआप पुढं जात होते.

बऱ्याच वेळानं बूट हलले. खारू बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिनं पाळण्यातलं बाळ उचललं, वाळूत खड्डा केला, निळा तळ दिसेपर्यंत, आणि बाळ त्यात ठेवून वरून वाळू लोटली. थापटली. मग कपाटातून एक मुलगी आणली, लाल फ्रॉकवाली. ती ट्रेच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि तिच्याभोवती कुंपण लावलं. एक लावलं, त्याबाहेर दुसरं लावलं.

"ही मुलगी कुंपणात आहे," वाळूताई म्हणाल्या. विचारलं नाही, फक्त म्हणाल्या.

"तिला बोलायचं नाहीये."

"हं."

"ती नको म्हणाली की माणसं मरतात."

माझ्या तोंडातून काहीतरी निघणार होतं. वाळूताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता तळहात जरासा खाली केला. मी दात ओठावर रोवले.

"तिला असं वाटतं, की तिच्या नको म्हणण्यानं माणसं मरतात," वाळूताई सावकाश म्हणाल्या.

खारूनं त्यांच्याकडे पाहिलं, चुकीचं उत्तर दिलेल्या मुलाकडे बघावं तसं. "वाटत नाही. आत्यानं सांगितलंय."

वेळ संपल्यावर वाळूताईंनी मला बाजूला घेतलं. "आत्यांना आत घ्यायला नको होतं. मी खारूला विचारलं होतं, तिनं हो म्हटलं. तिच्या 'हो'चा भरवसा मी धरायला नको होता." त्यांचं ऐकून मला त्यांचा राग आला नाही. चुकलं ते चुकलं म्हणणारं माणूस मला त्या दिवसांत पहिल्यांदाच भेटत होतं.

घरी येऊन मी खारूला समोर बसवलं. बाळ कुणाच्या बोलण्यानं गेलं नाही, तुझ्या तर नाहीच नाही, असं तीन तऱ्हांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. तेच ते बरं, सायीच्या दुधाला म्हणायची ते. मी तिची आई, तिचं दुःख मी हलकं करणारच, हे तिला कळत होतं. माझ्या शब्दाला तिच्यालेखी वजन उरलं नव्हतं. जिनं गाठ मारली तिनंच ती सोडवायला हवी होती.

दुसऱ्या संध्याकाळी मी पाळणाघरात जरा लवकर गेले. दारात चपलांची ओळ, आत सतरंजीवर मुलं. आक्का एका चिमुरडीला भरवत होत्या. तिचे गाल फुगलेले, घास गिळत नव्हती.

"गीळ," आक्का लाडानं म्हणाल्या. "नाही गिळलंस तर आज आई यायची नाही हां तुला न्यायला."

चिमुरडीनं घास गिळला, डोळ्यांत पाणी आणून. आक्कांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. बघितलंस?

बघितलं होतं. मी खारूला अंगणात पाठवलं आणि विचारलं, "आक्का, मी दवाखान्यात असताना तुम्ही खारूला बाळाबद्दल काय सांगितलं होतं?"

"काय सांगणार? डोकं खाल्लं तिनं माझं. बाळ कधी येणार, बाळ कधी येणार. म्हटलं, तूच नको म्हणालीस ना, मग गेलं ते परत. बसली गप्प. तेवढ्यावर भागलं."

"तेवढ्यावर भागलं."

"अगं गंमत गं. मुलांशी असंच बोलावं लागतं. आता हिलाच बघ. आई येणार नाही म्हटलं, जेवली. घटकाभरात आई येईल, ही विसरून जाईल. कुणाचं काय वाकडं झालं आजवर?"

"हिची आई येईल, आक्का. माझं बाळ आलं नाही."

त्यांच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. मग चेहरा लाल झाला. "म्हणजे मी मारलं का तुझं बाळ?"

"तुम्ही नाही. खारूनं मारलं. निदान तिला तुम्ही तसंच सांगितलंय."

दारात कुणाची तरी आई येऊन उभी राहिली होती. आक्कांनी झटकन हसू आणलं. "हळू बोल. लोक आहेत."

"माझ्या मुलीला सांगताना हळू बोलला होतात का?"

"शिकलेल्या बायकांचं हेच," त्या दारातल्या बाईकडे बघत म्हणाल्या, "पोरं आम्ही सांभाळायची आणि चुका यांनी काढायच्या." ती बाई आपल्या मुलीच्या चपला शोधायला लागली.

"खारूसमोर येऊन सांगा तिला, की तुम्ही म्हणालात ते खोटं होतं," मी म्हटलं. "एवढंच मागतेय. तोवर ती इथं येणार नाही."

घरी नवरा पंख्याचं बटण उघडून बसला होता. मी सगळं सांगितलं. तो तारा बघत राहिला. "आक्का तशीच आहे गं. तिच्या मनात काही नसतं."

"मनात नसतं ते तोंडात कुठून येतं?"

"मलाही लहानपणी सांगायची. खोटं बोललास तर बाबा घर सोडून जातील."

"मग?"

"मग काय? झालो की मोठा." त्यानं एक स्क्रू घट्ट केला, पुन्हा सैल केला. "बाबांना यायला उशीर झाला की मी जिन्यात जाऊन बसायचो. अंधार पडेपर्यंत. दिवसभरात कुठलं खोटं बोललो ते आठवत." हे त्यानं मला लग्नानंतर आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. बटण तसंच उघडं टाकून तो उठला आणि आक्कांना फोन लावला. धीर द्यायचा आवाज त्यानं त्या वेळी वापरला नाही. "आक्का, रविवारी ये. ये म्हणजे ये."

रविवारी आक्का आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी प्यायल्या, उन्हाबद्दल बोलल्या. खारू माझ्या पायाशी जमिनीवर चित्राला रंग देत होती. रंग रेषेच्या आत, एक टिंब बाहेर नाही.

"हे बघ खारू," आक्का एका दमात म्हणाल्या, "मी तेव्हा गंमत केली होती. तू नको म्हणालीस म्हणून बाळ गेलं नाही. ते आजारी होतं. झालं?" तो 'झालं' माझ्यासाठी होता. लगेच हात पसरले. "चल, ये आता. आत्याला पापी दे."

खारू उठली. तो शहाणा चेहरा घेऊन दोन पावलं गेलीसुद्धा. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ती मधेच थांबली.

"खरंच गंमत होती?"

"हो गं बाई."

"मी नको म्हटलं तर कुणी मरत नाही?"

त्यांच्याकडे मुलांसाठी नेहमी काहीतरी तयार असतं, या वेळी नव्हतं. "नाही मरत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"तू पण नाही?"

"मी पण नाही."

खारूनं विचार केला. अंगठ्यानं खडूवरचा कागद सोलत तिनं बराच विचार केला.

"मग पापी नको," ती म्हणाली.

आक्कांचे हात तसेच पसरलेले राहिले. नवऱ्यानं सवयीनं सुरुवात केली, "खारू, आत्या आहे ना आपली…"

"नको म्हणाली ती," मी म्हटलं.

आक्कांनी हात मागं घेतले, पर्स उचलली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसलं. इतर कुठल्याही दिवशी मी उठून त्यांचा हात धरला असता, अहो लहान आहे ती, मनावर घेऊ नका, असं म्हणाले असते. मोठ्यांचं मन राखायला पोरांचं मन मोडायचं, हे आपण किती सहज करतो. त्या दिवशी मी बसून राहिले.

"बसा आता हिचे नको झेलत," दारातून त्या म्हणाल्या.

"झेलू," मी म्हटलं.

त्या जिना उतरल्या तशी खारू धावत खिडकीशी गेली. काचेला नाक लावून उभी राहिली. खाली आक्का रस्ता ओलांडत होत्या.

"चालतेय," खारू म्हणाली. मग थोड्या वेळानं, "अजून चालतेय."

आक्का वळणावर दिसेनाशा झाल्या. खारू तिथंच. काचेवर तिच्या श्वासाचा डाग लहान मोठा होत होता. नवरा तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

"फोन कर," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "आत्या पोचली का विचार."

आक्कांना फोन करायची माझी त्या क्षणी मुळीच इच्छा नव्हती. पण खारूचे ओठ पांढरे पडले होते. मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला. बरीच रिंग वाजली.

"आता काय राहिलं?" आक्का म्हणाल्या.

"काही नाही. पोचलात का, खारू विचारतेय."

पलीकडे दाराची कडी वाजली, पर्स कुठंतरी आदळली.

"पोचले म्हणावं," आक्का म्हणाल्या. आणि थांबून, नेहमीपेक्षा कितीतरी हळू, "धडधाकट आहे मी, खारू. काही झालेलं नाही मला."

खारूनं फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"बरं," ती म्हणाली. "पण पापी नकोच."